बापाचं काम

आमच्या गावच्या नाटकात जानराव तीस वर्षं खलनायक होते. भातकुलीपासून चांदूर रेल्वेपर्यंत कुठेही प्रयोग असो, ते स्टेजवर आले की बायका बोटं मोडायच्या. दादच होती ती, पण पुढे पुढे त्यांना ती सोसेना. बाजारात लेकरं त्यांना पाहून आईच्या मागे लपत. मी पेटी वाजवायचो, म्हणून त्यांची सगळी कुरकुर माझ्याच वाट्याला आली. एकदा तरी भल्या माणसाचं काम करून मरायचंय, म्हणायचे.

साठी उलटल्यावर त्यांनी मंडळाशी भांडून बापाचं काम मिळवलं. घर सोडून गेलेल्या पोराची वाट पाहणारा बाप. तालमीत ते असं काही बोलले की माझी बोटं पेटीवरच थांबली.

नेमकी तेव्हाच वऱ्हाडाला दृष्ट लागली. कापूस हातचा जाऊ लागला आणि माणसंही. गावात तरणा माणूस गेला तर त्या दिवाळीत नाटक नाही, हा आमचा जुना रिवाज. पूर्वी तो क्वचित आडवा यायचा, आता दर साली येऊ लागला. तालमी व्हायच्या, मंडप ठरायचा आणि कुणाच्या तरी दारात तिरडी बांधली जायची. पुढारी यायचे, सांत्वन करून गाडीत बसायचे. जानरावांचे दात पडले, त्यांनी कवळी बसवली, संवाद पुन्हा घोटले. चिडायचे, मग चिडल्याची लाज वाटून कुणाशी बोलायचे नाहीत.

दोन हजार सहा साली मात्र दिवाळीपर्यंत गाव शाबूत राहिलं. मंडप उभा राहिला. जानराव पांढऱ्या मिशा लावून पडद्यामागे माईकजवळ उभे राहिले. मी सूर धरला, तेवढ्यात मंडळाचे किसनराव धावत आले. आमच्या गल्लीतल्या श्रावणनं घरात काहीतरी प्यायलं होतं, त्याला जीपमधून अमरावतीला नेलं होतं.

"त्याले आजचाच दिवस सापडला का?" जानराव बोलून गेले.

माईक सुरू होता. सगळ्या मंडपानं ऐकलं. लोकांनी सतरंज्या गुंडाळल्या आणि ते घरी गेले. जानरावांच्या बायकोनं, आशाबाईनं, त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि ती तोंड फिरवून बसली.

श्रावण वाचला. चालता यायला लागल्यावर तो काठी टेकत जानरावांच्या ओट्यावर आला. मी तिथेच होतो. जानरावांनी मान खाली घातली. आता हा जाब विचारणार, आणि विचारायलाच पाहिजे, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"काका," श्रावण म्हणाला, "माह्यापायी तुमचं नाटक बुडालं. माफी द्या मले."

"असं नको बोलू रे," एवढंच जानरावांना जमलं. त्यांनी त्याचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

पुढच्या साली नाटक झालं. जानरावांनी बापाचं काम किसनरावांना देऊन टाकलं आणि ते श्रावणच्या घरी जाऊन त्याच्याजवळ बसले. किसनरावांनी काम कसंबसं निभावलं. जानरावांचा बाप गावानं कधी पाहिलाच नाही. मला याचा अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.