चौथ्या डिस्कवरचं माप

उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या त्या ऑफिसात जीन्सचे पॅटर्न बनतात. पॅटर्न म्हणजे कापड कापायचे आराखडे. तिथल्या सर्व्हरवर असे हजारो आराखडे होते आणि जवळजवळ सगळ्यांची दुसरी प्रत होती. नव्हती ती एकाच फाइलची. ती कुठल्या गिऱ्हाइकाची नव्हती, पॅटर्न मास्तरांच्या मुलीच्या पँटची होती. आणि ज्या डिस्कवर ती होती, नेमकी तीच कायमची काढून टाकायला मला बोलावलं होतं.

मी बदलापूरची. अंबरनाथ-उल्हासनगरातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा आणि नसत्या चौकशा करणं हा स्वभाव. आई म्हणायची, हिला मासळी आणायला पाठवली तर कोळणीच्या सुनेची विचारपूस करून येईल, मासळी राहील तिथेच.

सर्व्हरमध्ये चार डिस्क होत्या, त्यातली चौथी आजारी. अशी डिस्क सरळ उपटायची नसते. आधी सर्व्हरला सांगायचं, बाबा रे, ही आता कायमची जाणार. मग तो तिच्यावर नवीन काही ठेवणं बंद करतो आणि असलेलं सामान थोडं थोडं उचलून बाकीच्या तिघींकडे पोचवतो. ती पूर्ण रिकामी झाली की तसं कळवतो, मगच हात लावायचा. या कामाला वेळ फार लागतो. तरी इतकी वर्षं झाली, मला ते आकडे सरकताना बघायला अजून आवडतं.

ऑफिसच्या मालकांना, शेठना, वेळ नव्हता. "अरे मॅडम, सब माल डबल है ना? तो खींच के निकालो, खतम करो." त्यांचं चुकत नव्हतं. सगळं डबल आहे हे मीच त्यांना सांगितलं होतं. मी डिस्कच्या खटक्यावर बोट ठेवलं, तेवढ्यात मास्तर टेबलावरून उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ओढू नका. पाया पडतो."

माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस, दिवसाला चार शब्द बोलणारा. मला ओशाळल्यासारखं झालं, पण खरं सांगायचं तर कुतूहल त्याहून जास्त. शेठना मी सांगितलं, "प्रोसेस है शेठ, पूरी करनी पड़ेगी. शाम तक चलेगा." ते कुरकुरत गोडाऊनकडे निघून गेले. मग मास्तरांनी त्या फाइलचं सांगितलं. ती त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये होती.

ते फोल्डर डबल करायचं नाही, खासगी आहे, जागा कशाला अडवा, हे दोन वर्षांपूर्वी ठरवणारी मीच. आणि त्याच दिवशी ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचे पेनड्राइव्ह लावायचे मार्ग बंद करणारीही मीच. बाजारातला कुठला तरी मास्तर पॅटर्न घेऊन दुसऱ्याकडे गेला होता म्हणून शेठनी ते करून घेतलं होतं. तेव्हापासून तिथे कॉपी मागणं म्हणजे स्वतःहून स्वतःवर आळ घेणं. मास्तरांनी ती कधी मागितलीच नाही.

मी ती फाइल लगेच दुसरीकडे उतरवून बघितली. अर्ध्यावर जाऊन अडकली. डिस्कचा नेमका तोच भाग खराब झाला होता. आता भरवसा एकाच गोष्टीवर. सर्व्हर चिवट असतो, वाचता आलं नाही तर पुन्हा वाचतो, पुन्हा पुन्हा वाचतो. मी त्याला कामाला लावलं आणि मास्तरांना स्टूल दिलं.

अकरा ते पाच आम्ही बसलो. सर्व्हर त्याचं काम करत होता, मी माझं, म्हणजे प्रश्न विचारायचं. मास्तर आधी हूं-हूं करत होते. मग जुन्या कागदाच्या मागे त्यांनी पेन्सिलीने एक वळण काढलं. "हे आसन. दोन पाय जिथे जुळतात ते. पँट बसते की नाही ते हे ठरवतं, कंबर नाही." मग त्याच कागदावर दुसरं वळण काढलं, जरा उथळ. "आणि हे माझ्या पोरीचं, डाव्या बाजूचं."

मुलीचा डावा खुबा जन्मतःच सरकलेला. ऑपरेशनं झाली, ती चालायला लागली, पण डावा पाय दोन बोटं आखूड राहिला आणि ती बाजू बारीक. विकतची पँट तिच्या अंगावर फिरते, बाजूची शिवण पुढे येते. पंधराव्या वर्षी ती त्यांना म्हणाली होती, "बाबा, तुम्ही अख्ख्या दुनियेच्या जीन्स कापता, मला एक नाही?" मग घरी अकरा वेळा कापड लावून, टाचण्या मारून, उसवून त्यांनी तो पॅटर्न बसवला. तेव्हापासून वर्षा-दोन वर्षांनी त्याच फाइलमध्ये पाव इंच वाढवायचा, कागद काढायचा, पँट शिवायची आणि पुढच्या वेळी माप बदलणारच म्हणून कागद फाडून टाकायचा.

"मग नवीन माप घ्या की," मी म्हटलं. "किंवा जुनी पँट उसवा."

"धुतलेला डेनिम ताणलेला असतो मॅडम, तो खोटं बोलतो." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि माप... तेव्हा ती पोर होती. आता चोवीस वर्षांची बाई आहे. तिची आई नाही. बापाने कमरेला टाचण्या कशा लावायच्या, तुम्हीच सांगा."

"लेडीज टेलर?"

"ते एक पाय मोजतात. दुसरा तसाच धरतात."

मग मी वळणांबद्दलच विचारत राहिले. खोली किती, ढिलाई कुठे, शिवण सरळ आहे हे ओळखायचं कसं. त्यांनी तीन कागद भरले. चहा आला, गार झाला, दोघांनीही गारच प्यायला.

पाच वाजता सर्व्हरने कळवलं, काम झालं. खाली लाल अक्षरात एक ओळ होती. एक फाइल हलवता आली नाही. मी तीनदा पुन्हा लावून बघितलं, तीनदा तीच ओळ. अशा डिस्कमधून माहिती काढून देणारे असतात, पण डिस्क शेठची होती आणि तिला बाहेर न्यायचं म्हणजे शेठना सांगणं आलं. मास्तर मान हलवून नाही म्हणाले. मी डिस्क बाहेर काढली आणि कपाटात ठेवली. शेठ येऊन म्हणाले, "वा मॅडम, बढ़िया." आयुष्यात शाबासकीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मी जिना उतरत होते तेव्हा मास्तर मागून आले. "तुम्ही आज एवढं विचारलंत. तुम्हाला आता आसन कळतं. तुम्ही घ्याल माप?" मी आजवर साधा साडीचा फॉलही लावलेला नाही. तरी लगेच हो म्हटलं.

रविवारी अंबरनाथला बुवापाड्यात त्यांच्या घरी गेले. एक खोली, पुढे पायरी. मास्तरांनी नमुन्याच्या पँटसाठी अंदाजाने मांजरपाट कापून, कच्ची टीप मारून ठेवला होता. टाचण्यांची डबी माझ्या हातात दिली, बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि दार लोटून घेतलं. मुलगी मोकळी, हसरी. "मावशी, घाबरू नका, मला सवय आहे," ती म्हणाली आणि कडी लावली.

बाहेरून सूचना सुरू झाल्या, अख्ख्या चाळीला ऐकू जातील अशा. "डाव्या बाजूला मागे अर्धा इंच सोडा! खेचू नका! तिला सरळ उभी करा, सरळ म्हणजे ती उभी राहते तशी!" मी तिला दोनदा टोचलं. तिसऱ्या खेपेलाही बाजूची शिवण गुडघ्यापाशी येऊन पुढे वळली.

"सरळ पडतंय का?"

"जवळजवळ," मी खोटं बोलले.

बाहेरून लगेच प्रश्न आला, "जवळजवळ म्हणजे किती बोटं?"

मुलगी टाचण्यांसकट तशीच चालत दारापाशी गेली आणि तिने कडी काढली. "बाबा, आत या. मावशींना जमत नाहीये."

ते उठून उभे राहिले, पण नजर पायरीवरच. "अगं, तू आता..."

"मी आता काय? तुम्ही शिवलेली ती शेवटची पँट मला दोन वर्षांपासून होत नाही. कमरेला सेफ्टी पिन लावून ऑफिसला जाते. 'माप घेऊ का' असं तुम्ही विचारलंच नाहीत."

मास्तर आत आले. चपला काढायचंही त्यांना सुचलं नाही. तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, माझ्या हातातली टाचणी घेतली, मी लावलेल्या सगळ्या काढल्या आणि दोन बोटं मोजून एकच लावली. शिवण वरपासून खालपर्यंत सरळ पडली. मुलीने तोल सावरायला त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता.

"टोचलं का गं?" त्यांनी खालूनच विचारलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुमची कधी टोचतच नाही."