बाहेर उघडणारं दार

बारामतीत माझ्या शेजारच्या खोलीत एक मेकॅनिक राहायचे. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. खोली एवढीशी, म्हणून त्यांनी भिंतीला बिजागऱ्यांवर पलंग बसवला होता. सकाळी गादीला पट्टा आवळून तो वर ढकलायचा आणि झोपायच्या वेळी साखळ्यांवर खाली सोडायचा. "लई ब्येस झोप लागती," म्हणायचे.

अडचण एकच होती. पलंग खाली आला की आत उघडणारं दार त्याला अडायचं. बायको इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. तिची बदली काही होत नव्हती. सुट्टी मिळाली की ती न कळवता यायची. त्यामुळे इंदापूरची शेवटची गाडी येऊन जाईपर्यंत तात्या स्टुलावर डुलक्या काढत बसायचे, पण पलंग खाली सोडायचे नाहीत.

"तात्या, त्या आल्यावर उठा की!" मी एकदा म्हणालो.

"मी उठंपतुर तिनं भाईर का म्हून उभं ऱ्हायाचं?"

एका रविवारी त्यांनी दारच उतरवलं आणि बाहेर उघडेल असं बसवलं. अरुंद गॅलरीत ते येता-जाता आमच्या गुडघ्यांवर आपटायला लागलं. मी चांगलाच तणतणलो. ते नुसते हसले.

मग दिवेलागणीलाच पलंग खाली यायला लागला. तात्या भिंतीला चिकटून झोपायचे. दाराकडची अर्धी गादी मोकळी असायची आणि कडी कधीच लावलेली नसायची.

वाऱ्यानं दार हललं की आतून झोपाळलेला आवाज यायचा, "आलीस व्हय?"

मी दार हळूच लोटून घ्यायचो. वारा होता, हे सांगायला जीभ रेटायची नाही.