रांगेतली एक चप्पल

तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान असलं की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. लोक काचेवर कागद ठेवतात, बोलत राहतात, कागद घेऊन जातात आणि बोललेलं माझ्याकडंच राहतं. त्यात निवडणूक लागली की बघायलाच नको! अर्ज, शपथपत्र, मतदार यादी, सगळं माझ्या मशीनमधून जातं. उदगीरात कोण कुणावर रुसलंय हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं.

लोक म्हणतात, "दत्ता, निवडणुकीचे किस्से सांग, लई हसायला येतंय." सांगतो की! पण हल्ली कुठूनही सुरू केलं तरी मी फिरून त्याच दोन माणसांवर येतो. आणि शेवटी हसू येईलच याची गॅरंटी नाही.

दुकानाबाहेर चार खुर्च्या. एक माझी. एक चहावाल्या रशीदभाईंची, तेही हॉटेल सोडून येऊन बसतात तेव्हा. उरलेल्या दोन आप्पांची आणि वाघमारे सरांची. आप्पा डाळीचे व्यापारी, कपाळाला विभूती, आवाज पार धान्याच्या मोंढ्यात ऐकू जाईल एवढा. सर झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले, आवाज स्वतःलाही ऐकू जाईल की नाही अशी शंका. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले. पक्ष मात्र दोघांचे जन्माचे वेगळे.

*

त्यांची एक रीत होती. मतदानाला जायचं ते दोघांनी मिळूनच. जो आधी पोचेल त्यानं रांगेत स्वतःच्या पायातली एक चप्पल काढून पुढं ठेवायची, दुसऱ्याची जागा म्हणून. रांग सरकली की पायानं चप्पल सरकवायची. दोघांनी मत द्यायचं, बाहेर यायचं आणि माझ्या दुकानासमोर बोटं नाचवायची.

"मास्तरचं मत मी कापलं!" आप्पा ओरडायचे.

"आणि आप्पाचं मी," सर हळूच म्हणायचे.

रशीदभाई एकदा वैतागून म्हणाले, "अरे भाई, दोनों का कट गया तो गए कायकू? घर में सो जाते!"

आप्पा म्हणाले, "घरी झोपलो तर हा एकटा जाऊन यील की! याचा काय भरवसा?"

*

एकदा लोकसभेला सर आधी पोचले. चप्पल ठेवली. रांग सरकत सरकत दारापर्यंत आली, आप्पांचा पत्ता नाही. तेवढ्यात निरोप आला, आप्पांना टायफॉइड, अंथरुणातून उठवत नाही. सरांनी चप्पल उचलली, पायात घातली आणि सरळ रांगेबाहेर!

त्यांच्या पक्षाची पोरं मागं पळाली. "सर, एक मत हाय हो तुमचं!"

सर म्हणाले, "तो पडून हाय अन् मी मत देऊ? ही कुस्ती न्हाई, चोरी हाय."

दुपारी आप्पांच्या पक्षाचे लोक ऑटो घेऊन आप्पांच्या दारात. उचलून नेतो म्हणाले. आप्पा गोधडीतून म्हणाले, "आधी मास्तरला आणा. त्यो आला तर मी यीन."

काय करतात! आप्पांच्या पक्षाचा झेंडा लावलेला ऑटो सरांच्या घरी गेला, विरोधी मतदाराला हात जोडून विनवलं, आणि दोघांना एकाच ऑटोत घालून केंद्रावर आणलं. दोन मतं आणायला एवढा आटापिटा केला आणि दोन्ही एकमेकांनी कापली! ऑटोवाला आजही तो किस्सा सांगतो.

*

मोठ्या निवडणुका सोप्या असतात. दिल्लीत कोण बसलं म्हणून उदगीरात चहा बंद होत नाही. माणसाला माणसापासून तोडते ती नगरपालिका. उमेदवार गल्लीतला, मतदार गल्लीतले, आणि प्रश्न काय, तर नाली!

आप्पांचा पुतण्या उभा राहिला. त्याच्याविरुद्ध उभा होता सरांचा एक जुना विद्यार्थी. तो सरांकडं आला, म्हणाला, सर, एक पत्रक लिहून द्या, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. सरांनी लिहून दिलं. दहा प्रश्न, सुंदर वळणदार अक्षरात. पोरानं ते टाईप न करता जसंच्या तसं माझ्याकडं आणलं.

मी अक्षर ओळखलं. वाचलंही. पाचव्या प्रश्नावर माझा हात थांबला होता. लिहिलं होतं, "ज्यांच्या दारातली नाली वर्षानुवर्षं तुंबलेली आहे, ते वॉर्ड काय साफ करणार?" पुतण्या आणि आप्पा एकाच घरात राहतात, दार एकच, नाली एकच. सर पुतण्याबद्दल लिहीत होते, त्यांच्या डोक्यात ते आलंच नसणार. एक फोन करून मी सांगू शकत होतो. दुकानात गर्दी होती. मी हिरवं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा पत्रक घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली होता.

"झेरॉक्स, हे कुणाचं अक्षर हाय?"

"मला काय माहीत, आप्पा."

"मला माहीत हाय. माझ्या तिन्ही लेकींच्या लग्नपत्रिकांवर ह्याच अक्षरात नावं घातली हायत." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "चाळीस वर्षं ती नाली ओलांडून माझ्या घरी जेवला रे त्यो. मला सांगितलं असतं तर मी साफ केली नसती का?"

सरांना कळलं तसे ते आप्पांच्या घरी निघाले. वाटेत पुतण्याच्या प्रचारातल्या पोरांनी अडवलं, नको ते बोलले. सर परत फिरले. तिथंच गोष्ट अडकली.

त्या मतदानाला दोघं एकाच रांगेत होते. मधे अकरा माणसं. मी मोजली. दोघांच्याही पायात दोन-दोन चपला होत्या.

*

पुतण्या निवडून आला. पहिलं काम काय केलं असेल? दारातल्या नालीवर सिमेंटचा स्लॅब टाकला! मी आप्पांना म्हटलं, "चला, सरांच्या पत्रकाचा फायदा झाला म्हणायचा." आप्पा हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

खुर्च्या चारच राहिल्या, पण वेळा वाटल्या गेल्या. आप्पा नऊला येणार, दहाला उठणार. सर साडेदहाला. मधला अर्धा तास रशीदभाई आणि मी दोन रिकाम्या खुर्च्यांकडं बघत बसायचो.

"मास्तरची शुगर किती निघाली?" आप्पा विचारायचे आणि लगेच, "म्हंजे मला काय करायचंय!"

सर विचारायचे, "आप्पाच्या गुडघ्याचं काय झालं? सहज विचारायलोय."

आमचा व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, 'चार खुर्च्या' नावाचा. त्यात रशीदभाई रोज गुलाबाचं फूल टाकायचे. दोघं बघायचे, दोन निळ्या खुणा यायच्या. लिहायचं कुणीच नाही. सोडूनही कुणी गेलं नाही.

*

सरांच्या मुलीचं लग्न नांदेडला ठरलं. पत्रिका द्यायला सर स्वतः गेले नाहीत, माझ्या हाती पाठवली. आप्पांनी पाकिटावरचं आपलं नाव अंगठ्यानं दोनदा पुसल्यासारखं केलं आणि खिशात ठेवली.

"येणार ना?" मी विचारलं.

"मोंढ्यात लई काम हाय."

लग्नाच्या आदल्या दिवशी मला बोलावून तुरीच्या डाळीचं पोतं गाडीत टाकलं. "आचाऱ्याला दे. तू दिली म्हणून सांग. माझं नाव घेतलंस तर बघ!"

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. सरांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. मला खुणेनं बोलावलं.

"डाळ कुणी दिली?"

"मी, सर."

"दत्ता, तू जन्मात किलोच्या वर डाळ घेतली न्हाईस."

सरांनी भात एकदाच घेतला, वरण तीनदा. मी समोर उभा होतो आणि मला माझ्याच दुकानातलं ते हिरवं बटण दिसत होतं.

*

त्यानंतर मी ठरवलं, आता बास. आधी आप्पांना गाठलं. "आप्पा, डाळ ओळखली त्यांनी. तीनदा वरण घेतलं. आता चला माझ्यासोबत."

आप्पांचे डोळे भरले, पण म्हणाले, "मार्केट कमिटीची निवडणूक तोंडावर हाय, पुतण्या तिथंबी उभा हाय. आत्ता गेलो तर लोक म्हणतील पुतण्यासाठी मतं मागायला गेला. मास्तरला बी तसंच वाटंल. ती होऊन जाऊ दे."

सरांना सांगितलं. तेही म्हणाले, "होऊन जाऊ दे."

काय शहाणी माणसं! एक निवडणूक झाली की दुसरी उभीच असते हे त्या दोघांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मार्केट कमिटी झाली. मग सोसायटीची लागली. आणि सोसायटीच्या मतदानाच्या आठवडाभर आधी आप्पांना छातीत कळ आली. लातूरला नेलं. तिथून ॲम्ब्युलन्सनं परत आणलं ते बोलायचे बंद झालेले आप्पा.

मला राग येतो. त्या दोघांचा येतो, पुतण्याचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा येतो. दोघांना दोन हातांना धरून एका जागी बसवायला मला काय होत होतं? मीही 'होऊन जाऊ दे' म्हणत बसलो.

*

आप्पांच्या घरासमोर माणूस मावत नव्हता. सर आले. लोकांनी वाट दिली. सर दारापाशी पोचले आणि सिमेंटच्या स्लॅबवर, जिथं आता सपाट जमीन होती, त्यांनी धोतर किंचित वर धरून एक लांब ढांग टाकली. चाळीस वर्षांची सवय! पाऊल पलीकडं पडलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं, स्लॅब बघितला, आणि तिथंच मटकन बसले.

पुतण्यानं हात धरून उठवलं. "काका, आत चला," एवढंच म्हणाला.

आप्पा लिंगायत, त्यांच्यात दफन करतात. सगळ्यांनी मूठ मूठ माती दिली. सरांची मूठ काही केल्या उघडेना. शेवटी पुतण्यानंच त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

*

पुढं विधानसभा लागली. मतदानाच्या आदल्या दिवशी सर दुकानात आले. "दत्ता, माझी चिठ्ठी काढून दे."

मी यादीत नाव शोधून चिठ्ठी काढली.

"आप्पाची बी काढ."

"सर..."

"यादीत नाव हाय का बघ."

मी बघितलं. होतं. नाव कमी करायला कुणी अर्ज केला नव्हता. माणूस जातो, पण यादीतून जायला त्याला वेळ लागतो. मी दुसरी चिठ्ठी काढली. सरांनी दोन्ही घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या.

सकाळी मी केंद्रावर गेलो तेव्हा सर रांगेत होते. त्यांच्या मागं माझाच नंबर लागला. बघतो तर सरांचा एक पाय अनवाणी, आणि पुढच्या माणसाच्या आणि त्यांच्यामध्ये जमिनीवर एक चप्पल. रांग सरकली की सर अनवाणी पायानं चप्पल पुढं सरकवायचे.

बंदोबस्ताचा पोलीस आला. पोरसवदा होता, बाहेरगावचा. "काका, चप्पल घाला की पायात. खडे टोचतील."

"राहू द्या," सर म्हणाले. "माझ्या पुढं एकजण हाय."

पोलिसानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

रांग दारापर्यंत आली. आतून आवाज आला, "पुढचे कोण?" सर उभेच. त्यांनी एकदा फाटकाकडं बघितलं. पुन्हा आवाज आला. सर वाकले, चप्पल उचलली, झटकून पायात घातली आणि रांगेच्या बाहेर झाले.

"जा," मला म्हणाले. "तू हो पुढं."

मी मत दिलं. कुणाला दिलं तेही नीट आठवत नाही. बाहेर येऊन दुकानावर गेलो. शटर बंद होतं, पण खुर्च्या मी सकाळीच काढून ठेवल्या होत्या. सर त्यांच्या खुर्चीत बसले होते.

रशीदभाई चहा घेऊन आले. "क्या सर, हो गया वोट?"

सरांनी डावा हात पुढं केला. बोट कोरं होतं.

"आप्पा आला न्हाई," सर म्हणाले.