सिस्टर फोटोत नव्हत्या

स्कॅनिंगच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आत्या एका जुन्या नकाशाचे दोन तुकडे स्क्रीनवर एकमेकांवर सरकवत होती. केसभर डावीकडे, केसभर वर. तेवढ्यात म्हाताऱ्या सिस्टर आत आल्या. नोकरी संपून जमाना झाला, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. काखेतली लांब फ्रेम त्यांनी टेबलावर ठेवली नि म्हणाल्या, "यात मी कुठंय ते दाखव."

आत्याला वाटलं, चष्मा विसरल्या असतील. हा फोटो तिनंच मागच्या उन्हाळ्यात जोडून, मोठा करून दिला होता. नर्सिंगच्या मुली एका रांगेत. सगळ्यांची टोपी सारखी, एप्रन सारखा, हात पोटावर बांधलेले. तिनं रांगेवरून बोट नेलं. परत आणलं. सिस्टर नव्हत्या.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आत्ता कुठं नीट पाहिला," सिस्टर म्हणाल्या. "ही माझ्या डावीकडची, ही उजवीकडची. दोघी अशा खेटून उभ्या आहेत, जशी काय मी जन्मालाच आले नव्हते."

आत्यानं फ्रेम जवळ ओढली.

तिचं आयुष्य याच कामात गेलं. स्कॅनरच्या काचेवर न मावणारा कागद तुकड्यातुकड्यानं स्कॅन करायचा, प्रत्येक तुकड्यात आधीच्याचा थोडा भाग परत घ्यायचा आणि तो भाग एकावर एक असा बसवायचा की सांधा शोधून सापडू नये. दुकानात नवीन येईल त्याला ती बजावायची, सारख्या दिसणाऱ्या गोष्टींवर जाऊ नका. विटा, खिडक्या, बटणं फसवतात. ओरखडा धरा, डाग धरा, तसला दुसरा नसतो. शिकले आणि गेले सगळे. मागच्या खोलीत उरली आत्या, आणि स्कॅनरचा दिवा.

आणि तिनंच एकीच्या टोपीवर दुसरीची टोपी बसवली होती. एक आख्खी मुलगी शेजारणीखाली गडप.

का, ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी सिस्टर तिच्याजवळ बसल्या होत्या. तिच्या शेजारच्या स्टुलावर कधी कोणी बसत नाही, त्यावर कागदांचे गठ्ठे असतात. सिस्टरनी ते खाली ठेवले, स्टूल ओढलं नि विचारलं, "जेवलीस का गं?" मग दुपारभर गप्पा. आत्या हसत होती, हात आपले चालले होते. हे आता सांगणार कसं?

"मूळ फोटो आणा, लगेच पुन्हा जोडून देते," ती म्हणाली.

"तो मैत्रिणीचा होता. ती गेली, सुनेनं रद्दीत घातला." सिस्टरनी चष्मा पुसला. "तरुणपणचा माझा तेवढा एकच फोटो गं."

म्हणजे राहिले ते स्कॅन केलेले तुकडे. नि कॉम्प्युटरवर जागा होत नाही म्हणून मालकानं जुनं सगळं उडवायला सांगितलेलं. मालकाला अक्कल कमी, आवाज जास्त.

"ताई, ते अजून ठेवलंय?" तो दारातून म्हणाला. "डिलीट करा म्हणालो होतो ना मी?"

"म्हणाला होतात. मी हो म्हणाले होते."

फाइल निघाली. दोन्ही तुकड्यांत सिस्टर धडधाकट उभ्या होत्या. या वेळी आत्यानं चेहरे पाहिलेच नाहीत. एका एप्रनच्या कडेला केसाएवढा ओरखडा होता. दोन्हीकडचा ओरखडा तिनं एकावर एक आणला आणि माउस सोडला. शेजारणी बाजूला झाल्या. मधे एक काटकुळी पोरगी, नाक वर करून.

"केवढा तोरा," आत्या म्हणाली.

"होताच. डॉक्टर टरकायचे." सिस्टर बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तो जुना हॉलमध्ये लावलाय. मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, आमची आई यात आहे म्हणून."

"आणि यात कुठं उभी आहे, ते?"

"तेवढं कोण विचारतं?"

आत्यानं नवी प्रिंट गुंडाळून दिली. "जुना काढून हा लावा. फ्रेम मात्र नवी लागेल, एका माणसानं लांब झालाय." मग ती स्टुलावरचे गठ्ठे उचलायला वाकली.

"नको गं, खाली गाडी थांबलीय," सिस्टर म्हणाल्या. जुनी फ्रेम काखेत मारली नि गेल्या. आत्यानं गठ्ठे होते तिथंच ठेवले.

पुढचं आत्याला बऱ्याच दिवसांनी कळलं, सिस्टर वारल्यावर, त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईकडून. त्या दिवशी घरी जाऊन सिस्टरनी जुनीच फ्रेम परत खिळ्याला अडकवली. नवा फोटो कपाटात, गुंडाळलेलाच. बाईनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "यात मी कुठंय, ते आधी घरातलं कोणी विचारतंय का बघते." शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही.