‘वाटलं का दिसलं?’ विचारणाऱ्या मॅडम

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीपुरतंच, तेवढं माफ असावं. वही माझी एकटीचीच, पण तपासणीच्या मॅडमबद्दल लिहायचं म्हणून आज रेघा आखून बसले.

त्यांना काहीही सांगा, त्या आधी विचारायच्या, “वाटलं का दिसलं?” मी भिलाईच्या ज्या शाळेत दुपारचं जेवण रांधते, तिथे एका संस्थेने सहावीला वर्षभर नाटक शिकवलं. त्याचा मुलांना काही फायदा झाला का, हे पाहायला त्याच संस्थेने मॅडमना पाठवलं होतं. झाला नसेल तर शिकवणं बंद. माझी नात सोनी तेव्हा पाचवीत. तोंडातून शब्द न काढणारी, थेट माझ्यावर गेलेली. पुढच्या वर्षी तिला नाटक मिळावं, यातच माझा जीव अडकला होता.

मुलांनी मॅडमपुढे नाटक केलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, पण वहीत काही लिहिलं नाही. मुलांनी ‘बहुत अच्छा लगा’ लिहून दिलेले फॉर्मही बाजूला ठेवले आणि माझ्या रसोईत येऊन बसल्या. दोघींचं माहेर नागपूरकडचं, म्हणून माझ्याशी मराठीच बोलायच्या.

मी म्हटलं, पोरी धीट झाल्या. लगेच, “वाटलं का दिसलं, बाई?”

दोन दिवस तेच डोक्यात. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना म्हटलं, “मॅडम, पयले डाळ उरत होती. आता पातेलं खरवडा लागते. पोरी दुसऱ्यांदा मांगतेत.”

त्यांनी हजेरी काढून पाहिली. मुलं वाढली नव्हती. मग म्हणाल्या, “का तुमच्याच हाताले चव आली?”

दुसऱ्या दिवशी त्या रांगेशेजारी उभ्या राहिल्या. सातवीला नाटक नव्हतं. त्या मुली पडेल तेवढं घेऊन पुढे सरकत. सहावीची मुलगी मात्र ताट धरून थांबे, मला म्हणे, “दाई, और दो.” मॅडम दर वेळी वहीत एक रेघ ओढत. एका दिवसाचं खरं नाही म्हणून आठवडाभर आल्या. त्यांच्या तपासणीच्या फॉर्मात याला जागाच नव्हती, तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.

जाताना म्हणाल्या, “हे नाटकानंच झालं असं मी म्हणत नाही. दिसलं तेवढं लिहिलं.” त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत.

जूनमध्ये कळलं, नाटक आता सहावी आणि सातवी दोन्ही वर्गांना. सोनीही त्यात. मी डाळीचा डबा उघडून पाहिला. इतकी वर्षं काही कमी पडलं की मी पाणी वाढवायची, मागायला कधी गेले नाही. त्या दिवशी पदराला हात पुसले आणि हेडसरांच्या दारात उभी राहिले.

“सर, दाल कम पड़ेगी. और चाहिए.”