ओ न देणारा हात

आमच्या सरांना कॉलेजात सगळे 'ओ-सर' म्हणत. वर्कशॉपच्या दारात उभं राहून ते कुणालाही हाक मारायचे आणि आतून 'ओ' आली नाही, की हातातलं टाकून पळत सुटायचे. एकदा मी मशीनमागे वाकून तार सोलत होते. ओठांत स्क्रू धरलेले, म्हणून बोलले नाही. सर दोन बाकं ओलांडून धापा टाकत आले आणि मला धडधाकट पाहून त्यांचा पारा चढला. "काऊन वं, तोंडाले कुलूप लावलं का? ओ द्याले जीव जाते?"

हे खूळ त्यांनी तळ्यातून आणलं होतं. ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात, मासेमारी करणाऱ्या घरात ते वाढले. थंडीच्या दिवसांत छातीभर पाण्यात उतरून जाळं ओढताना धुक्यात शेजारचा माणूस दिसत नाही. मग काठावरून घरची बाई एकेकाचं नाव घेते आणि पाण्यातून ओ येते. "ज्यानं ओ नाई देल्ली तो बुडाला असंच समजाचं न् धावाचं," सर सांगत. "नसला बुडाला तं मंग शिव्या देऊ. शिव्या द्याले जिंदगी पडली हाये." आम्ही हसायचो. चंद्रपूरच्या त्या कॉलेजात सरांची नक्कल केल्याशिवाय एक गॅदरिंग पार पडलं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन सरांनी रोबो करायला घेतला. रोबो म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा एक लोखंडी हात. सरांच्या गावाजवळच्या राइसमिलमध्ये तांदळाचं भरलेलं पोतं वजनकाट्यावरून शिलाईकडे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. पोत्याचं तोंड शिवायला मिलमधली कामगार पार्वताबाई त्याच्या अगदी शेजारी उभी राहणार होती. मोठ्या कारखान्यांत तेव्हा असली यंत्रं जाळीच्या पिंजऱ्यात ठेवत. सरांना पिंजरा नामंजूर. "बाई पिंजऱ्याबाहेर उभी राह्यली तं पोतं कोन शिवन?" म्हणून आम्ही त्या हाताला कातडी चढवली. वरून रेक्झिन, खाली फोम, आणि फोममध्ये स्पर्श ओळखणाऱ्या पट्ट्या. माणसाचं अंग कुठंही टेकलं की तारेतून इशारा जायचा आणि हात जागच्या जागी थांबायचा.

यंत्र मिलमध्ये बसवून आम्ही तिथंच मुक्काम ठोकला. या कातडीची परीक्षा आधी भोपळ्यावर झाली, मग काकडीवर, मग सरांवर. भोपळा आणि काकडी एकदाच लागली. सर मात्र रोज सकाळी यंत्र सुरू झालं की आधी स्वतःचा उजवा हात मध्ये घालत. पार्वताबाईला ते बघवायचं नाही. "सर, तुमी शिकलेले मानसं, असं काऊन करता?" त्यावर सर म्हणायचे, "बाई, तू दिवसभर उभी राह्यशीन तिथी. मले एकदा तं उभा राहू दे." लोखंडी हात येऊन त्यांच्या बोटांना टेकायचा, थांबायचा. मग सर तिला हाक मारत. ती ओ देऊन कामाला लागे.

दसरा आला. मिलमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते, तशी रोबोचीही झाली. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ चढवली. नारळ सरांनीच फोडला, हाताच्या बुडाशी. पाणी जरा उडालं, आम्ही हात जोडले आणि खोबरं खाऊन घरी गेलो. मिल काही दिवस बंद होती. कातडीच्या तारेचा जोड नेमका तिथंच, बुडाशी होता. त्यात नारळपाणी उतरलं आणि आम्ही सुट्टीत लोळत असताना तांबं गंजून तार तुटली.

मिल उघडली त्या सकाळी पार्वताबाई सुईत दोरा ओवत होती. सरांनी नेहमीसारखा हात घातला. मी समोरच होते. लोखंडी हात आला, टेकला, आणि थांबला नाही.

 माझ्या डोळ्यांना दिसत होतं ते डोक्यात शिरतच नव्हतं. मिलचे फिटर रफिकभाई धावले आणि त्यांनी हवेचा कॉक बंद केला, म्हणून बाकीचा पंजा वाचला. दोन बोटं गेली. पार्वताबाई सुई हातात धरून मटकन खाली बसली. थोड्याच वेळात तिथं तिचा हात असता, हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

दवाखान्यात सर छताकडे बघत पडले होते. मला वाटलं, आता नशिबाला बोल लावतील, नाहीतर मलाच झापतील. ते म्हणाले, "तुमा साऱ्यायले ओ द्याले लावलं, कातडीलेच नाई लावलं. ते गप्प होती, अन् मी समजलो, बरी हाये." या बोलण्याने मी जेवढी हादरले तेवढी रक्त पाहूनही हादरले नव्हते. गप्प माणसाकडे धावत सुटणाऱ्या आमच्या सरांनी गप्प तारेवर विश्वास टाकला होता, आणि आमच्यापैकी एकालाही ते खटकलं नव्हतं.

मग आम्ही कातडीलाच ओ द्यायला लावलं. कुणी टेको न टेको, तिनं क्षणाक्षणाला 'मी आहे' असा इशारा देत राहायचं. इशारा तुटला की का तुटला ते न विचारता हात थांबणार. मी मोठ्या उत्साहाने भोपळा घेऊन मिलमध्ये गेले. सरांनी तो पार्वताबाईला भाजीला देऊन टाकला. रफिकभाईंना म्हणाले, "भाई, हात चालू झाला की तार उपटजा." आणि उरलेला धड हात, डावा, त्यांनी मध्ये घातला.  हात निघाला, रफिकभाईंनी तार उपटली, आणि तो वीतभर अलीकडेच थांबला. सरांनी हाक मारली, "पार्वताबाई!" तिथं पुन्हा उभी राहणार नाही अशी शपथ घेतलेली ती बाई रडत रडत म्हणाली, "ओ."

पुढे मी पुण्याला नोकरीला लागले. यंत्रांशेजारी माणसं काम करतात त्या जागा तपासणं हेच माझं काम झालं, आणि गप्प तारेला मी कधीही बरी म्हटलं नाही. सर निवृत्त होऊन गावी तळ्याकाठी राहायला गेले. रविवारी फोन केला की पलीकडून 'हॅलो' कधी आलं नाही, 'ओ'च यायची.

एका रविवारी दिवसभर सरांचा फोन नुसता वाजत राहिला. शेजारची मैत्रीण म्हणाली, म्हातारा माणूस, गेले असतील कुठे लग्नाला. मी संध्याकाळची गाडी पकडली. नसलं काही झालं तर शिव्या देऊ, असं स्वतःला सांगत नागपूर गाठलं, तिथून ब्रह्मपुरी, तिथून जीप. गावात उतरले तर सरांच्या दारासमोर माणसं खाली बसली होती. सर रविवारी पहाटेच गेले होते. पार्वताबाई उठून माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, "तुले कोनं सांगतलं, पोरी?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं.