शून्याची हौस

माझ्या मामाला शून्य फार आवडायचं. ग्रंथालयात तो सर्व्हर सांभाळायला लागला तेव्हा जेमतेम पंचविशीतला होता, नोकरी अजून कायम व्हायची होती. मागच्या खोलीत, पंख्यांच्या घरघरीत, मशीनची मेमरी कुठे किती खर्ची पडतेय ते तो बघत बसे. मेमरीत मावेना की मशीन काही सामान डिस्कच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवतं. त्या जागेला स्वॅप म्हणतात. तिथला आकडा वाढलेला दिसला की मामाचा जीव खालीवर. आजीला घरात पसारा खपत नसे, तेच वळण.

एका दुपारी त्याने स्वॅप बंदच करून टाकलं. कोपऱ्यातलं सामान मेमरीत परत आलं, कसंबसं मावलं, आणि आकडा शून्यावर आला. मामा खुशीत चहाला गेला. तेवढ्यात कोणीतरी भलीमोठी यादी मागवली. मेमरी अपुरी पडली, आणि मशीनने सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेला प्रोग्राम मारून टाकला. तो सूची करणाऱ्या बाईंचा होता. सकाळपासूनच्या नोंदी त्यांनी सेव्ह केलेल्या नव्हत्या.

मामाने लपवलं नाही. ग्रंथपालसाहेब भडकले, असल्या माणसाला ठेवायचं तरी कशाला, असं त्याच्या तोंडावरच बोलले. बाई दारात उभ्या होत्या.

"ह्यांना घालवून माझ्या नोंदी परत येणार आहेत का?" त्या म्हणाल्या. "बसवा टाइप करायला. मी कार्डं वाचते."

बाई वाचत गेल्या, मामा दोन बोटांनी बडवत गेला. मध्येच त्याची नजर स्वॅपचा आकडा दाखवणाऱ्या दुसऱ्या पडद्याकडे वळली; स्वॅप त्याने पुन्हा सुरू केलं होतं, तर बाईंनी विचारलं, "आता आणखी काय घालवायचंय?" मामाने भीत भीत सांगितलं, की स्वॅपमध्ये किती पडलंय ह्याचीच आपल्याला धास्ती होती. आता कळलं, पडलेलं पडून राहू द्यावं. सामानाची सारखी ने-आण सुरू झाली, तरच मशीन दमलंय म्हणायचं. बाई म्हणाल्या, बरं, पुढचं कार्ड घ्या.

नोकरी टिकली. बाई पुढे माझी मामी झाल्या.

मामी कामात फार काटेकोर होती. दुसऱ्याच्या नोंदीत वेलांटी चुकली तरी ती माणसाला बोलावून घ्यायची. पण त्या दुपारच्या नोंदींत लेखकांची नावं वेडीवाकडी पडली होती, पानांचे आकडे उलटसुलट झाले होते. ती निवृत्त झाली तेव्हाही ते सगळं तसंच होतं. एकदाही तिने त्याला हात लावला नव्हता.